काचपट्टीवरचं दूध
उतू गेलेल्या दुधाचा करपट वास आला, की मला कोल्हापुरातली आमची प्रयोगशाळा आठवते. दोन हजार चार-पाचची गोष्ट असेल. काचपट्टीवर मी वेगवेगळ्या साखरांचे बारीक ठिपके बसवले होते. पावट्यातलं एक प्रथिन त्यातल्या कुठल्या साखरेला चिकटतं, ते रंगावरून बघायचं होतं. ठिपक्यांमधली मोकळी जागा आधी झाकावी लागते, नाहीतर तिथंही रंग चढतो. त्यासाठीची भुकटी नेमकी संपली होती. आमचे शिपाईमामा उचगावहून चहासाठी घरच्या म्हशीचं दूध आणायचे. इतर चाचण्यांत दूध चालतं, म्हणून मी तेच साय काढून वापरलं. ठिपके उठायच्या ऐवजी अख्खी पट्टी तपकिरी झाली. तीन महिन्यांचं काम गेलं. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी विचारलं, तेव्हा मी फणकाऱ्याने म्हणाले, “दुधानं घोटाळा केला.” मामा दारातच उभे होते. “ताई, पाण्याचा थेंब न्हाय माझ्या दुधात. पहाटं गोठ्यात येऊन धार बघा की!” दूध चोखच होतं. दुधातल्या प्रथिनांवरही साखरा असतात आणि माझं पावट्याचं प्रथिन त्यांनाच चिकटलं होतं. हे मला ठाऊक असायला हवं होतं. मॅडमसमोर ते कबूल करायला मात्र जीभ रेटली नाही. दुसऱ्या दिवसापासून मामा पिशवीचं दूध आणायला लागले, आणि माझ्यापुढे कप ठेवताना न चुकता सांगायचे, “डेअरीचं हाय.” आता हा किस्सा मी विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगते. त्यात चूक माझी असते. मामांनी ऐकली, ती दुधाची होती.