अम्मांचे सिपारे

ईद होऊन नऊ दिवस झाले होते. कासारवाडीच्या आमच्या खोलीत मी दुपारच्या भाकरी थापत होते आणि दारात दगडूभाऊ येऊन उभे राहिले. चाकणला आमच्या सासरच्या घराला लागूनच त्यांचा तेलाचा घाणा आहे. टोपी त्यांच्या हातात होती. टोपी काढलेले दगडूभाऊ मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

"वैनी, तवा उतरवा," एवढंच ते म्हणाले.

मी तवा उतरवला आणि त्यांच्याकडे पाहत राहिले. "मावशी गेली," ते म्हणाले. "सकाळची नमाज पढली आन् बसल्या जागी कलंडली. कुणाला हाक बी मारली न्हाई. रशीदला कारखान्याच्या गेटावर निरोप ठिवलाय. त्यो फाट्यावर भेटंल."

पिंपरीला औषधांचा नवा कारखाना झाला, तेव्हापासून हे तिथं पाळीवर जातात. कामाच्या कपड्यांतच ते फाट्यावर उभे होते. आम्ही तिघं चाकणच्या बसमध्ये बसलो. मोशीच्या पुलावर हे हळूच म्हणाले, "अम्मा इतक्या घाईनं कधीच कुठं गेल्या नव्हत्या..."

अम्मांना, माझ्या सासूबाईंना, मीच न्हाऊ घातलं. सात वर्षं ज्या बाईला मी आधी भ्यायले, मग शिकवलं, मग जिच्याकडून शिकले, तिच्या अंगावर मी पाणी घातलं. गाद्या-रजया शिवून शिवून त्यांच्या बोटांची टोकं खरबरीत झाली होती. तेवढ्या बोटांशी मी जरा रेंगाळले.

आज त्यांना जाऊन सात आठवडे झाले. त्यांच्याविषयी लिहायचं तर एक गोष्ट सांगावी लागेल, जी त्यांनी स्वतःच चारचौघींत सांगितली होती. म्हणून ती लिहिताना मला संकोच वाटत नाही.

लग्न होऊन मी पुण्याहून चाकणला आले, तेव्हा देश स्वतंत्र होऊन चार वर्षं झाली होती. मी मराठी सातवीपर्यंत शिकलेली, अरबी वाचायला आईनं घरीच शिकवलेलं. सासरचा धंदा पिंजाऱ्याचा. सासरे, म्हणजे अब्बा, दिवसभर कापूस पिंजत आणि अम्मा शिवत. घरात कापसाची धूळ इतकी, की नमाजेला उभं राहण्याआधी अम्मा आपलं लुगडं तीन-तीनदा झटकायच्या. पाच वेळची नमाज त्यांनी कधी चुकवली नाही. जीभ मात्र तिखट. घरात दखनी आणि मराठी मिसळून चालायची. अम्मा चिडल्या की शुद्ध गावरान मराठीत उतरत, आणि पहिली दोन वर्षं माझ्याशी त्या बहुतेक मराठीतच बोलल्या.

गल्लीत त्यांना मोठा मान होता. त्यांचे वडील जुन्नरकडच्या एका खेड्यात मुलांना कुराण शिकवत. लोक त्यांना मुल्लाजी म्हणत. "मुल्लाजींची लेक" ही अम्मांची ओळख. कुणाच्या घरी माणूस गेलं की बायका जमून खतम करतात, म्हणजे कुराणाचे तीस भाग आपसांत वाटून घेऊन एका बैठकीत पूर्ण कुराण वाचतात आणि त्याचं पुण्य गेलेल्याच्या नावे करतात. त्या एकेका भागाला सिपारा म्हणतात. ज्यांना वाचता येत नाही त्या चिंचोके घेऊन कलमा मोजतात. अशा वेळी पहिलं बोलावणं अम्मांना असायचं, आणि पहिला सिपारा त्यांच्याच हातात दिला जायचा.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी एका खतमला मी त्यांना खेटून बसले होते. त्यांच्या हातात पाचवा सिपारा होता, पण ओठांतून ऐकू येत होता तो यासीनचा अध्याय, जो कितीतरी पुढं येतो. मी नकळत त्यांच्या पानाकडे पाहू लागले. आठ-दहा श्वास झाले की त्या पान उलटत. ओळ संपली आहे की नाही, याचा त्या उलटण्याशी काही संबंध नव्हता. डोळे पानावर स्थिर होते, ओळीवरून सरकत नव्हते... मला कळलं. अम्मांना वाचता येत नव्हतं.

मी ते कुणालाच सांगितलं नाही, ह्यांनासुद्धा नाही. तो माझा चांगुलपणा होता असं म्हणवत नाही. एकदा दूध उतू गेलं तेव्हा अम्मा म्हणाल्या, "आईनं शाळंत घातली, चुलीपुढं बसवली न्हाई." उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. मी ते गिळलं, पण माझ्यापाशी असं एक उत्तर आहे, या जाणिवेनं मला बरं वाटलं होतं, हेही खरं.

तिसऱ्या वर्षी अब्बा गेले. तिसऱ्या दिवशी आमच्याच घरात खतम होतं. कुणीतरी पहिला सिपारा अम्मांपुढं केला. त्यांनी तो घेतला, डोळ्यांना लावला आणि न उघडताच माझ्या मांडीवर ठेवला. "तू वाच. मला दिसत न्हाई आज." बायकांना वाटलं, रडून रडून डोळे सुजलेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. अम्मा भिंतीला टेकून बसल्या होत्या. एकाएकी म्हणाल्या, "मला वाचाया येत न्हाई."

"ठाऊक आहे मला, अम्मा."

त्यांनी मान वर केली. "कवापास्नं?"

"लग्नाच्या वर्षापासून."

आता चिडतील असं मला वाटलं. पण त्या बोलू लागल्या, आणि मी इतकं सलग बोलताना त्यांना कधी ऐकलं नव्हतं. आई लहानपणी गेली. मागच्या भावंडांचं सगळं यांच्यावर. ओसरीवर वडील पोरांना शिकवायचे आणि भिंतीच्या आतल्या बाजूला या पीठ मळायच्या. ऐकून ऐकून कितीतरी पाठ झालं. पण अक्षर कुणी दाखवलं नाही. "मुलीची जात म्हनून न्हवं... त्यांना सुचलंच न्हाई," त्या म्हणाल्या. लग्न होऊन चाकणला आल्या आणि पहिल्याच खतमला कुणीतरी म्हणालं, मुल्लाजींची लेक आलीय, तिला द्या. "न्हाई म्हनले असते तर बापाचं नाव गेलं असतं. मी घेतला. एकदा घेतला, मग दर बारीला घ्यावा लागला."

"अम्मा, अल्लाह नियत बघतो," मी म्हणाले.

"त्याचं त्यो बघंल. पर ज्येंच्या घरची मानसं गेली, त्येंनी इश्वासानं माझ्या हातात दिलं ना? दर बारीला एकुणतीसच झाले. तिसावा माझ्यापाशी ऱ्हायला." मग खाली बघून म्हणाल्या, "काल आपल्या मानसाच्या नावानं मात्र हात उघडंना. शिकवशील मला?"

नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाईनं घरातच राहायचं असतं. अम्मांची शाळा त्या दिवसांत भरली. पुण्याहून मी कायदा मागवला, म्हणजे मुलांची अक्षरं शिकायची पुस्तिका. पहिल्या दिवशी अम्मांनी कोपऱ्यात रजई अंथरली, तिच्यावर मला बसवलं आणि स्वतः खाली उघड्या जमिनीवर बसल्या. मी उठायला लागले तर माझा हात धरून म्हणाल्या, "शिकवनारा वर बसतो. माझ्या बापाच्या ओसरीवर मी तेवढं बघितलंय."

शिकणं सोपं गेलं नाही. बे, ते, से या अक्षरांचा आकार एकच, फरक फक्त नुक्त्यांचा, म्हणजे टिंबांचा. अम्मा वैतागायच्या. "ह्या सरक्या कुनी सांडून ठिवल्यात?" म्हणायच्या. कापसातली सरकी त्यांना डोळे मिटून कळे, कागदावरची कळत नव्हती. माझ्यावर ओरडायच्या, आणि पुढच्या नमाजेच्या आधी येऊन सांगायच्या, "मघाशी वरडले, माफ कर. मन साफ केल्याबिगर उभं ऱ्हाता येत न्हाई." दर नमाजेआधी एकदा, म्हणजे काही दिवशी पाच वेळा मी त्यांना माफ केलं असेल. हळूहळू ओरडणं कमी झालं. आधी माझ्यावरचं, मग सगळ्यांवरचं.

एक दिवस यासीन वाचताना त्या मध्येच थांबल्या. बोट एका शब्दावर. पुन्हा वाचला, पुन्हा. "मी तर हे येगळंच म्हनत आले..." चाळीस वर्षं तो शब्द त्या चुकीचा म्हणत होत्या. मला वाटलं, रडतील. त्या हसल्या. "भिताडातनं आलेलं. तेवढं बी आलं, हेच लई."

दोन वर्षांनी त्या सिपारा वाचू लागल्या. सावकाश, अडखळत, पण स्वतःच्या डोळ्यांनी. मग त्यांनी ठरवलेली गोष्ट केली. गल्लीतल्या एका खतमला सिपारा पुढं आला, तेव्हा तो हातात धरून त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आज मी वाचनार हाय. याच्या आधी कधीच वाचला न्हवता. मला येत न्हवतं. मी नुसती पानं उलटली. ज्येंच्या घरी उलटली, त्येंची मी गुन्हेगार हाय."

मग गल्लीतल्याच खैरुनबी उठल्या. त्यांचा तरणा मुलगा विषमज्वरानं गेला होता. "माझ्या करीमच्या वक्ताला बी?" त्यांनी विचारलं. अम्मांनी मान हलवली. खैरुनबी चपला घालून निघून गेल्या, आणि त्या दिवसापासून त्यांनी अम्मांशी बोलणं टाकलं.

मशिदीतल्या पेशइमामसाहेबांनी निरोप पाठवला, की तुम्ही तौबा केली आहे, आता मनाला लावून घेऊ नका. अम्मांनी निरोप अदबीनं ऐकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन खैरुनबींच्या दारात गेल्या. दार बंद होतं. अम्मांनी हाक मारली, "खैरुन, करीमच्या नावचा राहिलेला सिपारा वाचाया आलेय." आतून आवाज नाही. अम्मा पायरीवर बसल्या, मांडीवर सिपारा घेतला आणि वाचू लागल्या. मी शेजारी. अडलं की तेवढा शब्द सांगायची. दुपारपर्यंत पाच पानं झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच पायरी. पेंडीचं पोतं खांद्यावर घेतलेले दगडूभाऊ गल्लीतून चालले होते. ते थांबले, पोतं खाली ठेवलं, थोडा वेळ ऐकलं आणि काही न विचारता पुन्हा उचलून गेले.

तिसऱ्या दिवशी ऊन पायरीवर आलं. अम्मांचे डोळे बारीक झाले, पान दिसेना. त्या सिपारा तिरपा धरू लागल्या. तेवढ्यात मागं कडी वाजली. खैरुनबी बाहेर आल्या, हातात धान्य पाखडायचं सूप होतं. अम्मांच्या डोक्यावर त्यांनी ते सूप आडवं धरलं आणि तशाच उभ्या राहिल्या. सावलीत अम्मांनी उरलेली पानं वाचली. "झाला," त्या म्हणाल्या.

खैरुनबींचे हात अवघडले होते. तरी सूप खाली न घेता म्हणाल्या, "शेवटलं पान आनि एकदा वाच. मला नीट ऐकू आलं न्हाई."

त्यानंतर अम्मांनी एकेक घर घेतलं. यादी नव्हती, त्यांना लिहिता कुठं येत होतं? गल्लीतली घरं त्या एका टोकापासून आठवत आणि ज्या घरचं माणूस गेलं होतं, त्याच्या नावानं एक सिपारा वाचत. आम्ही कासारवाडीला बिऱ्हाड केलं, तेव्हा हे त्यांना किती विनवत होते. त्या आल्या नाहीत. "हितली मानसं व्हायची हायत अजून," म्हणाल्या. खैरुनबी दोन वेळा येऊन-जाऊन असत, म्हणून आम्हाला काळजी नव्हती.

या रमजानमध्ये मी त्यांना शेवटची भेटले. रोजा सोडल्यावर खजुराची बी बोटांत फिरवत त्या म्हणाल्या, "आता एकच ऱ्हायलाय. माझा बाप. त्येच्या खतमला बी मी पानंच उलटली."

"त्यांना शेवटी का ठेवलंत?"

"राग व्हता," त्या सरळ म्हणाल्या. "गावची पोरं शिकली, आन् मी पीठ मळलं. राग ठिवून कुनाच्या नावानं वाचू नये. म्हनून थांबले. आता न्हाई राग." खैरुनबींनी नंतर मला सांगितलं, की ईदेच्या आदल्या दिवशी तो सिपारा पुरा झाला. मिटून छातीशी धरून अम्मा बराच वेळ बसल्या होत्या.

गेल्या आठवड्यात त्यांचा चाळिसावा झाला. चाकणच्या ह्याच खोलीत बायका जमल्या. सिपारे वाटले जाऊ लागले आणि एक खैरुनबींच्या हाती आला. नेहमी येई तसाच. त्यांनी तो डोळ्यांना लावला आणि खाली ठेवला.

"मला वाचाया येत न्हाई," त्या म्हणाल्या. "कधीच येत न्हवतं. त्या दिशी मी उठून गेले ती तिच्या रागानं न्हाई. तिनं चारचौघींत सांगितलं, आन् मला माझ्या लेकराच्या खतमचं बी सांगता आलं न्हाई. मी बी पानंच उलटली व्हती, माझ्याच करीमसाठी..."

कोपऱ्यातल्या एका सुनेनं आपल्या हातातला सिपारा हलकेच मध्ये आणून ठेवला. मग आणखी एकीनं. मग एका म्हातारीनं. बघता बघता अकरा सिपारे मधोमध जमले. कुणी कुणाला काही विचारलं नाही. ज्यांना येत होतं त्यांनी दोन-दोन, तीन-तीन वाटून घेतले आणि बाकीच्यांनी चिंचोके. दुपारपर्यंत आटपणारं खतम दिवस मावळेपर्यंत चाललं. तीसच्या तीस सिपारे झाले.

सगळ्या गेल्या तरी खैरुनबी उंबऱ्याशी बसून होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आम्ही कासारवाडीला परतणार होतो, त्यांना ते माहीत होतं. तरी त्यांनी विचारलं, "उद्या येऊ का गं?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "मी डबा खानावळीतून घेईन."

सकाळी हे एकटेच गेले. मी अजून चाकणलाच आहे. खैरुनबी रोज येतात. आज कायद्यातल्या जीम या अक्षरापर्यंत पोचल्या.