गर्दी चुकवणारा रस्ता

फ्रान्समध्ये कॅरॅव्हॅन घेऊन फिरायचं ठरलं, तेव्हा ह्यांची एकच अट होती. "अगं, मोठं शहर एकही नको." मग जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून आम्ही आधी पॅरिस चुकवलं, आणि पुढे शहर आडवं आलं की रस्ताच वळवला. असे वळत वळत आज दुपारी एका इवल्याशा गावात पोचलो. चौकात झाडाखाली एक आजोबा खुर्चीत डुलक्या घेत होते.

"ही खरी शांतता," हे म्हणाले. मी मान डोलावली आणि कॅरॅव्हॅनमधल्या शेगडीवर खिचडीचा कुकर लावला.

पहिल्या शिट्टीला कबुतरं उडाली, आजोबा दचकून जागे झाले. "बंद कर, बंद कर!" हे कुजबुजले, तोवर दुसरी झाली.

शांतता म्हणजे रिकामी जागाच, आपण जाऊन बसायचं, असं आम्ही धरून चाललो होतो. ती कुणाची तरी दुपारची झोप असते, हे नकाशात कुठे दिसतं? सगळ्यांची गर्दी चुकवली, आमची तेवढी बरोबर आणली.

मी खिडकीतून हात जोडले. आजोबांनी मान हलवली, खुर्ची उचलून घरात गेले आणि खिडकी लावून घेतली. अगदी हळू, आम्हाला आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून.