एकवीस दिवस आराम

इंझोरीच्या फाट्यावर एसटी थांबली तेव्हा माझ्याआधी माय गाडीत चढली. पुण्याला निघाले होते मी, पण पुढारपण तिचं.

"पोरीले खिडकीपाशी बसू द्या भाऊ, तिले गाडी लागते," तिनं कंडक्टरला सांगितलं आणि खिडकीत बसलेल्या एका म्हाताऱ्याला उठवूनच ती खाली उतरली. सगळी गाडी माझ्याकडे बघत होती. लाजेनं मी मान वर केली नाही. खालून ती काहीतरी ओरडत होती, तेही नीट ऐकलं नाही. गाडी मला खरंच लागते. पंधरा वर्षं झाली, अजून लागते, आणि तरी माझं अर्धं आयुष्य गाडीत चाललंय.

पुण्यात एका दवाखान्याच्या काउंटरवर नोकरी लागली. तिथं बसून रोज तेच बघायची. डॉक्टर बोलायचे, माणसं माना हलवायची आणि बाहेर येऊन मला विचारायची, "ताई, काय म्हणाले ते?" सहा वर्षांनी नोकरी सोडली आणि तेच काम करायला लागले. मी कुठल्याच दवाखान्याची नाही. पेशंटसोबत आत जाते, त्यांच्या वतीनं प्रश्न विचारते, उत्तर त्यांच्या भाषेत सांगते, पुढच्या तारखा लावून देते. इंग्रजीत त्याला भारदस्त नाव आहे. माय गावात सांगायची, "माही पोरगी दवाखान्यात बोलाचं काम करते." लोक हसायचे. बोलायचं काय काम असतं?

बरंच असतं. तुम्ही जे गावात राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघून गेलात, दोघांनाही हे सांगायचं म्हणून लिहायला बसले. कारण या कामात माझी सगळ्यात मोठी चूक माझ्याच घरी झाली.

मागच्या वर्षी मायच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. हा शब्द मी तिच्यापासून लपवला नाही, कारण परक्या घरांत मी तो लपवू नका म्हणून नातेवाइकांशी भांडते. तिनं ऐकलं आणि विचारलं, "मंग आता काय कराचं?" तिला पुण्याला आणलं. किमोचे सहा डोस ठरले. पहिल्या डोसनंतर दोन दिवस ती बादलीपाशी बसून होती आणि म्हणाली, "बिना गाडीची गाडी लागून राह्यली मले." केस गेले तेव्हा मात्र रडली. ती आरशात बघायची नाही, डोक्यावरचा पदर खाली सरकू द्यायची नाही.

तीन डोस झाले. पुण्यात तिचा जीव रमत नव्हता. चौथ्या मजल्यावरून खाली कोणाला हाक मारावी अशी सोय नव्हती. म्हणून उरलेले तीन डोस अकोल्याला घ्यायचे ठरलं. गजा, माझा धाकटा भाऊ, गावातच असतो, तो नेणार होता. त्याला फोनवर एवढंच म्हटलं, फाईलवर लिहिते तसं कर. निघताना डॉक्टर मायला म्हणाले, "मावशी, आता आराम. पुढचं ताईंना सांगतो." मी बाजूलाच उभी होते. पुढचा डोस एकवीस दिवसांनी होता, म्हणून मी गजासाठी फाईलवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: एकवीस दिवस आराम. मग अकोला.

त्यानंतर मी दुसऱ्या एका घरच्या मोठ्या आजारपणाचं काम अंगावर घेतलं. मायला रोज फोन करायची, चालता चालता, रिक्षात, कुठल्या तरी तपासणीच्या रांगेत.

"आराम आहे ना, माय?"

"आराम हाय, बाई."

नऊ आठवडे आम्ही एकमेकींना हेच सांगत राहिलो. डोस झाला का, हा प्रश्न मी दिवसातून दहा वेळा दहा लोकांना विचारते. तिला विचारला नाही. गजा बघतोय, असं धरून चालले.

दिवाळीच्या तोंडावर घरी गेले. माय अंगणात सोयाबीन निवडत होती. मला पाहताच तिनं पदर मागं सारला आणि डोकं माझ्यासमोर वाकवलं.

"पाह्य न, केस येऊन राह्यले."

पांढरे, जेमतेम बोटाला लागतील एवढे खुंट. गजाची बायको कौतुकानं हसत होती. मी त्या डोक्यावरून हात फिरवला आणि मनात आठवडे मोजले. डोस चालू असते तर हे केस आलेच नसते.

मी गजावर तुटून पडले. जे तोंडात येईल ते बोलले. माणूस आहेस का, एवढंसं काम सांगितलं होतं, वगैरे. तो आत गेला आणि फाईल घेऊन आला.

"हे तूच लिव्हलं न? एकवीस दिवस आराम. म्हंजे एकवीस दिवसांत आराम पडते. नाई पडला, त मंग अकोला. आन् मायले त पडला. मंग अकोल्याले कायले जाचं?"

मी माझंच अक्षर पुन्हा वाचलं. आपल्याकडे ताप उतरला की आराम पडला. दुखणं गेलं की आराम पडला. घरात याच अर्थानं तो शब्द ऐकत मी मोठी झाले. पुण्यात आराम म्हणजे पडून राहणं, आणि लिहिताना माझ्या हातून पुण्याचाच आराम लिहिला गेला. मायनं, गजानं इंझोरीचा वाचला.

"तू त बोलाचं काम करते," गजा हळूच म्हणाला. "तुले त दोन्हीकडचं समजते न?"

मी चुलीपाशी जाऊन रडले. आजही तो कागद आठवला की उठून येरझाऱ्या घालते. एका जागी बसणं आता जमत नाही.

दोन दिवसांनी मी मायला घेऊन अकोल्याला निघाले. फाट्यावर एसटी भरून आली होती. खिडकीत एक कॉलेजची मुलगी बसली होती.

"मायले खिडकीपाशी बसू दे वं, तिले लागते," मी म्हणाले. कितीतरी वर्षांत माझ्या तोंडून असं निघालं नव्हतं. मुलगी उठली. माय पदर सावरत बसली आणि हसली.

मंगरूळपीर गेल्यावर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "गजाले बोलू नको. तो डॉक्टर कोनता आराम म्हने, थे मले थोडं समजलं व्हतं."

"मग सांगितलं काहून नाही?"

"मले दुसरा पायजे व्हता."

अकोल्याच्या डॉक्टरांनी फाईल वाचली, पुन्हा तपासण्या केल्या. पुन्हा सुरू करू म्हणाले, पण मधल्या खंडानं किती बिघडलं ते आत्ताच सांगता येणार नाही. मी ते मायला जसंच्या तसं सांगितलं. मग काय समजलं, ते तिच्याकडून वदवून घेतलं. आता प्रत्येक पेशंटकडून तसंच वदवून घेते, माणसं कंटाळली तरी. केस पुन्हा गेले. यावेळी ती रडली नाही.

आता दर डोसला मी पुण्याहून येते. माझं घर कुठं, असं कोणी विचारलं तर गावाचं नाव चटकन ओठावर येत नाही. फाट्यापासून अकोल्यापर्यंतची ती दोघींची सीट आठवते, खिडकीत ती आणि बाजूला मी, दोघींच्याही हातात पिशव्या, कारण दोघींनाही गाडी लागते.

परवाच्या खेपेला तिनं डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं आणि डोळे मिटून म्हणाली, "आराम हाय आता."

"कोनता, माय? नीट सांग."

"तू बाजूले हाय तो."

त्याच दिवशी संध्याकाळी माझी पुण्याची गाडी होती. तिला ते ठाऊक होतं.