मोठीचा डावा हात

मोठी जाऊ चोर तर नाही ना, ही शंका धाकटीला पहिल्यांदा दुकानात आली. दोघी एकाच कापडदुकानात कामाला होत्या. मोठी मागच्या खोलीत शिवायची, धाकटी पुढे गिऱ्हाइकं बघायची. एका संध्याकाळी घरी निघताना मोठीच्या डाव्या मुठीत रेशमी फीत दिसली.

"ही कुठं निघाली?" मालकीणबाईंनी विचारलं.

"मी नाही घेतली हो," मोठी गोंधळून म्हणाली. मूठ मात्र सुटेना. शेवटी उजव्या हातानं एकेक बोट उकलावं लागलं.

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी तिनं नवऱ्याचे कान भरले.

"वहिनी आणि चोरी? काहीतरीच तुझं!" तो हसण्यावारी नेऊ लागला.

धाकटी मात्र मोठीची पिशवी गुपचूप चाचपू लागली. मोठीची शिवण वाकडी व्हायला लागली, तेव्हा हे काम टाळायचं सोंग असणार, असंही तिनं ठरवून टाकलं.

मग एकदा तिनं स्वयंपाकघराच्या दाराआडून पाहिलं. मोठी एकटीच भांडी घासत होती. डाव्या हातानं नळ घट्ट धरला होता आणि ती त्या हातावर डाफरत होती, "सोड म्हणते ना मेल्या! किती वेळा सांगू?"

बघायला कुणी नसताना सोंग कुणासाठी करणार? दुसऱ्याच दिवशी धाकटी मोठीला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

स्कॅनमध्ये मेंदूची उजवी बाजू आक्रसलेली दिसली. डावा हात तीच बाजू चालवते, म्हणून तो आपल्याच मनानं वस्तू धरून ठेवतो, डॉक्टरांनी समजावलं. आजार दुर्मीळ होता आणि औषध नव्हतं. पक्की खात्री मात्र मृत्यूनंतर मेंदू तपासला तरच होणार होती.

"मग मी गेल्यावर तपासा," मोठी म्हणाली. "माझ्यावरचा आळ तरी जाईल."

पुढे तिचं चालणं गेलं, बोलणं गेलं, शेवटी तीही गेली. तिच्या इच्छेप्रमाणे मेंदू तपासायला दिला. डॉक्टरांनी धाकटीला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं: फुगून फिकट पडलेल्या पेशी आणि आजूबाजूला टाऊ नावाच्या प्रथिनाचे गोळे. आता शंकेला जागा नव्हती.

धाकटीनं दुकानात जाऊन सगळं सांगितलं. मालकीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मेंदू दिलात म्हणे," त्या हळूच म्हणाल्या. "त्याचं काही मिळालं असेल ना तुम्हाला?"

धाकटीनं त्यांच्याकडे पाहिलं. मोठीची पिशवी चाचपताना आपलाही चेहरा असाच दिसत असेल, असं तिला वाटून गेलं. गळ्यातली कापड मोजायची टेप काढून तिनं काउंटरवर ठेवली आणि बाहेर पडली.