पहिलीचे सर

शाळेत शिकवायला सगळ्या बाया, आणि त्यांत हे एकटे सर, तेही पहिलीला. पोरं सवयीनं त्यांनाही ‘बाई’ म्हणायची आणि सर मुकाट ‘ओ’ द्यायचे. शिक्षकखोलीत हसून हसून मुरकुंडी वळायची. “पुरुषमाणसानं कसं, सातवीबितवीला शिकवावं,” शेजारच्या वर्गाच्या बाई म्हणायच्या. आता असं कुठं लिहून ठेवलंय? पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार.

सरांनी स्वतःच नियम घालून घेतला होता. वर्गाचं दार सताड उघडं ठेवायचं आणि कुठल्याही लेकराला हात लावायचा नाही. कोणी पडलं, रडलं, की शेजारच्या बाईंना हाक मारायची. आधीच्या सरांबद्दल कोणीतरी काहीबाही कुजबुजलं, खरंखोटं कोणी बघितलं नाही, आणि बिचाऱ्यांना शाळा सोडावी लागली. त्याची धास्ती ह्यांनी घेतली होती.

गेल्या वर्षी एक चिमुरडी जिन्यावरून गडगडली. तोंड रक्तानं माखलेलं. तिनं सरांकडे दोन्ही हात पसरले. सरांनी आपले हात पाठीमागे घेतले आणि बाईंना हाका मारत राहिले. बाई येईपर्यंत पोर तशीच हात पसरून रडत होती. पुढं ती बरी झाली, वडिलांची बदली झाली, गेली दुसऱ्या गावाला. पण ते हात काही गेले नाहीत. शाळा सुटल्यावर सर फळा पुसत असले, की मागं कोणीतरी उभं आहे असं वाटायचं. वळून बघावं तर रिकामे बाक. जेवता जेवता ते आपल्याच हातांकडे बघत बसायचे. “अहो, झालंय तरी काय तुम्हाला?” बायको विचारायची. सांगणार काय, कपाळ?

यंदा त्यांनी मनाशी पक्कं केलं. लोक काय म्हणायचं ते म्हणोत, पुढच्या लेकराला मी उचलणार. तेवढंही जमलं नाही तर पहिली सोडायची.

एका दुपारी एक मुलगी धावता धावता बाकावर आपटली. ओठ फुटला. सर धावले, गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी हात पुढे केले. पण नजर उघड्या दाराकडे गेली.

मुलगी दोन पावलं मागे सरली. तिनं हुंदका गिळला, फ्रॉकनं रक्त पुसलं आणि सरांचीच समजूत घालत म्हणाली, “सर, घाबरू नका. मी जाते बाईंकडे.”

कोणी काही न सांगता सगळ्या वर्गानं तिला वाट करून दिली. दुसऱ्या दिवशी सरांनी सातवी मागून घेतली.