पद रिक्त नव्हतं

बाई उपासनेची सुरुवात प्रार्थनेने करत नसत. हजेरीने करत.

हातात वही नसे की कागद नसे. व्यासपीठावर न चढता त्या पहिल्या बाकाला टेकून उभ्या राहत आणि एकेक नाव घेत. आमच्या चर्चची मंडळी ती केवढी! कोराडीच्या वीजकेंद्राच्या आधाराने पोट भरणारी पंधरा-सोळा घरं. नाव आलं की 'आहे' म्हणायचं. इथवर शाळेसारखं. पण जो आलेला नसे त्याच्यासाठीही कोणीतरी 'आहे' म्हणावं लागे, आणि तो कुठे आहे ते सांगावं लागे. "आहे, भिवापूरले बहिणीकडे गेला." "आहे, ड्यूटीवर." 'नाही' हा शब्द हजेरीत चालतच नसे. एखाद्या नावाला सगळे गप्प बसले, की बाईंचा आवाज चढे. "ठाऊक नाही म्हणजे आठवडाभर कोणी त्याच्या दाराकडे पाह्यलं नाही. मग एकमेकांले भाऊ-बहीण काहून म्हणून राहिले तुम्ही?" आणि तिथल्या तिथे कोणाला तरी हुकूम सुटे, की पुढच्या रविवारच्या आत त्या घरी जाऊन यायचं.

डॅनियलची कंत्राटी नोकरी सुटली होती आणि तो दारूला लागला होता, तेव्हाची गोष्ट. बाईंनी नाव घेतलं. मागच्या बाकावरून मार्थाआजी, आमच्यातली सगळ्यात म्हातारी, म्हणाली, "आहे. पिऊन पडला आहे." सगळे हसले. मीही हसलो. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पडला आहे. पण आहे नं? चला पुढे." त्या दिवशी उपासना संपल्यावर त्या मोपेड काढून थेट त्याच्या घरी गेल्या. काय बोलल्या ते डॅनियलने कधी सांगितलं नाही. तीन रविवारांनी तो आला. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. स्वतःचं नाव आलं तेव्हा त्याला पटकन बोलता येईना. बाई थांबल्या. 'आहे' असं त्याच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत पुढचं नाव घेतलं नाही.

त्यांना सगळे 'पाळकीणबाई' म्हणत. पाळकीण म्हणजे पाळकाची, चर्चच्या धर्मगुरूची, बायको. पाळकसाहेब एका सकाळी अंगणात पाणी भरता भरता गेले. शहरातल्या मुख्य कार्यालयाने कळवलं, की लवकरच दुसरे पाळक पाठवू. चार वर्षं कोणी आलं नाही. पंधरा घरांच्या मंडळीत यायला कोण तयार होणार? या चार वर्षांत उपदेश बाईंनी केला, आजाऱ्यांच्या उशाशी बाई बसल्या, भांडणं बाईंनी तोडली. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस, द्यायला तेवढे महिन्यातून एकदा शहरातून पाळकपदाची दीक्षा झालेले कोणी येत आणि दुपारच्या बसने परत जात. पाळकसाहेब आणि बाई, दोघांनी लग्नानंतर एकाच वर्गात शास्त्राचं शिक्षण घेतलं होतं. "साहेबापेक्षा मले मार्क जास्त होते," बाई सांगत. "पण झगा त्याच्या मापाचा शिवला."

कोणी पाळकीणबाई म्हटलं, की त्या म्हणत, "पाळक तर वर गेले. मी आता कोणाची पाळकीण?" लोकांना वाटे, विधवा बाईचं दुःख आहे ते. दुःख नव्हतं. ती मागणी होती. मला ते समजत होतं, आणि मी समजत नसल्यासारखा वागत होतो.

मी मंडळीचा सेक्रेटरी. वीजकेंद्रातही कारकून, चर्चमध्येही कारकून. माझं नाव शांतवन. त्यावरून बाई मला छेडत, "बापानं नाव शांतवन ठेवलं म्हणून जन्मभर शांतच राहाचं का गा?" मी हसून वेळ मारून नेई. मला कमी बोलायची सवय आहे. कमी बोलणाऱ्याला लोक भला माणूस समजतात. तो समज मी कितीतरी वर्षं वापरला.

आमच्या चर्चच्या भिंती राखेच्या विटांच्या आहेत. बाकांवर रोज वीजकेंद्राच्या राखेचा पातळ थर बसतो. दर रविवारी बाई सगळ्यांच्या आधी येऊन ओल्या फडक्याने एकेक बाक पुसत. एकदा शहरातले पाहुणे पाळक रुमालाने बाक झटकत म्हणाले, "इथे राहता कसे तुम्ही लोक?" बाई म्हणाल्या, "देवानं बाकीच्यांले मातीचं केलं, आम्हाले राखेचं. आम्ही जरा जास्त भाजलेलो आहो. टिकतो." त्याच दिवशी उपदेश चालू असताना लाईट गेली. वीजकेंद्राची धुराडी खिडकीतून दिसत होती आणि आमच्याकडे लाईट नव्हती. माइक बंद पडल्यावर पाहुण्यांचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचेना. बाई जागेवरूनच म्हणाल्या, "पोटातून बोला, साहेब. इथे गळ्यातून चालत नाही."

आता मुद्द्यावर येतो. इतका वेळ टाळत होतो हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल.

चौथ्या वर्षी मुख्य कार्यालयाकडून एक छापील तक्ता आला. प्रत्येक मंडळीची माहिती भरून पाठवायची होती. त्यात एक रकाना होता, 'सध्याचे पाळक'. बायकांनाही दीक्षा द्यायची की नाही, यावर तेव्हा तिकडे चर्चा चालली आहे असं कानावर होतं. बाई स्वतः माझ्या घरी आल्या. भिवापुरी मिरचीच्या तिखटाची पुडी माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या हातात दिली आणि मला म्हणाल्या, "सेक्रेटरी, त्या रकान्यात माह्यं नाव लिहीजो. मंजूर होवो, न होवो. एकदा कागदावर तर जाऊ दे." मी म्हणालो, "हो, बाई."

त्याच आठवड्यात माझ्या मुलीला, कृपाला, पाहायला शहरातली मंडळी आली. चांगलं घर, जुनं ख्रिस्ती घराणं. चहा पिता पिता मुलाच्या वडिलांनी विचारलं, "तुमचे पाळक कोण?" साधा प्रश्न होता. मी उत्तर द्यायच्या आधी तेच म्हणाले, "कोणीतरी बाई पाहते म्हणे सगळं?" आणि हसले. वाईट नाही हसले, पण हसले. मी म्हणालो, "नाही नाही. सध्या पाळक कोणी नाही. पद रिक्त आहे. लवकरच येतील." सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात पोह्यांच्या बश्या घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं.

एकदा तोंडातून गेल्यावर ते खरं करणं भाग पडलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात, जेवणाच्या सुटीत, मी तक्ता भरला. 'सध्याचे पाळक' यापुढे लिहिलं : पद रिक्त. अक्षर माझं फार सुंदर आहे. त्या दिवशीही होतं.

रिक्त पद कागदावर दिसताच कार्यालय हललं. तीन महिन्यांत नवे पाळक आले, आणि बाईंना चर्चमागच्या दोन खोल्या सोडाव्या लागल्या. त्या खोल्यांना आम्ही बंगला म्हणायचो. सामान हलवायला सगळी मंडळी आली होती. बाई एका हातात पाळकसाहेबांची सुटकेस आणि दुसऱ्या हातात बाक पुसायची बादली घेऊन बाहेर आल्या. बादली चर्चची होती, पण ती मागायची हिंमत कोणाला झाली नाही. सगळ्यांसमोर त्यांनी मला विचारलं, "सेक्रेटरी, माह्यं नाव गेलतं नं कागदावर?"

मी मान हलवली. हो म्हणून.

"मग ठीक," त्या म्हणाल्या. त्यांची मान इतकी ताठ मी कधी पाहिली नव्हती. "शहरानं नाव वाचलं अन् फेकलं. फेकू दे. त्याहिले वाचावं तर लागलं!"

नवे पाळक वाईट माणूस नव्हते. तरुण, अभ्यासू, वेळेचे पक्के. त्यांनी हजेरी बंद केली. म्हणाले, पंधरा मिनिटं जातात. व्हॉट्सॲपवर ग्रुप करू, न येणाऱ्याने तिथे कळवावं. बाई तिसऱ्या बाकावर बसून सगळं ऐकत. पुढच्या रविवारी उपासना संपली तशा त्या बाहेर हातपंपाजवळ गेल्या, मोपेड स्टँडला लावली आणि सुरू केलं. एकेक नाव. पहिल्या दिवशी चौघं थांबली, महिन्याभरात सगळे थांबू लागले. पाळकांनी एकदा सौम्यपणे विचारलं, "बाई, ग्रुप आहे ना आता?" बाई म्हणाल्या, "मोबाइलवर अंगठा दाखवला म्हणजे माणूस आला का? तुम्ही आत तुमचं करा, पाळकसाहेब. बाहेरची जागा देवाचीच आहे." पुढे तेही बाहेर येऊन उभे राहू लागले. बाई त्यांचं नाव घेत आणि ते निमूटपणे 'आहे' म्हणत.

मी मात्र शेवटचं भक्तिगीत चालू असतानाच मागच्या दाराने निघून जाई. कृपाचं लग्न त्या घरात थाटात झालं. बाईंनी पहिल्या रांगेत बसून सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात गाणी म्हटली. तरी मी मागच्या दाराने जात राहिलो. सुनंदा घरी येऊन सांगे, "आजही तुमचं नाव घेतलं."

"मग?"

"मार्थाआजी म्हणाली, आहे."

"आणि कुठे आहे म्हणाली?"

"म्हणाली, मागच्या दारानं पळाला."

सहा वर्षं हे चाललं. सहा वर्षं एक म्हातारी माझ्यासाठी 'आहे' म्हणत राहिली.

मागच्या वर्षी बाईंना अंथरूण धरावं लागलं. मी गेलो. भाड्याची एक खोली, कोपऱ्यात ती बादली. त्या उशीला टेकून बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "ये गा. आज समोरच्या दारानं आला?" त्या खोलीला एकच दार होतं.

मी सगळं सांगितलं. चहा, पोहे, मुलाच्या वडिलांचं हसणं, तक्ता, ते दोन शब्द. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंच्या आलं नाही.

"म्हणजे माह्यं नाव गेलंच नाही?"

"नाही."

"अन् मी सहा वर्ष त्या शहरवाल्यांवर चिडून राहिली. उगाच!" त्या हसल्या, मग खोकल्या, मग हसणं थांबलं. मी माफी मागायला लागलो तर हात वर करून थांबवलं. "माफ केलं असं मी आज म्हणणार नाही. मले राग येऊन राहिला. येऊ दे. माह्या रागाचं मी पाहीन, देवाचं देव पाहील."

"बाई, येशूला ओळखत नाही म्हणणाऱ्या पेत्रासारखा मी..."

"पेत्र बनू नको. पेत्राले मोठं काम होतं. तू सेक्रेटरी आहेस, तुह्यं काम लिहिणं. तेवढंही धड केलं नाहीस." मग डोळे मिटून म्हणाल्या, "जाय आता. रविवारी समोरच्या दारानं ये."

शनिवारी पहाटे त्या गेल्या. त्यांनी मला माफ केलं की नाही हे मला माहीत नाही. आता कळणारही नाही. ते तसंच राहू द्यावं असं मी ठरवलं आहे.

त्याच दुपारी त्यांना माती दिली. नंतर दफनाची नोंदवही भरायची होती. तेही सेक्रेटरीचंच काम. नाव, वय, राहण्याचं ठिकाण. पुढे रकाना होता, 'धंदा'. आमच्या पंचांचे अध्यक्ष माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते. म्हणाले, "गृहिणी लिहा. नाहीतर पाळकांच्या विधवा."

मी लिहिलं : पाळक.

"अहो शांतवन, काय करून राहिले? दीक्षा नव्हती त्यांची. खोडा ते."

"खोडणार नाही."

"शहरातून विचारणा होईल."

"होऊ द्या. उत्तर मी देईन." माझा आवाज पोटातून आला होता. मलाच ऐकायला नवा वाटला. अध्यक्षांनी वही उचलून पाळकांपुढे ठेवली, कारण खाली दफन करणाऱ्याची सही लागते. पाळकांनी ओळ वाचली. परत वाचली. खिशातून पेन काढून सही केली आणि वही माझ्याकडे सरकवली.

विचारणा झालीच. गेल्या महिन्यात पत्र आलं : 'सदर नोंदीस काही आधार आहे काय?' मी उत्तर लिहिलं आहे. सात वर्षांपूर्वीच्या तक्त्यात 'पद रिक्त' हे मी खोटं लिहिलं होतं, भीतीपोटी आणि लाजेपोटी, हे पहिल्या परिच्छेदात. त्या काळात या मंडळीचा पाळक कोण होता, हे दुसऱ्या. खाली सगळ्यांच्या सह्या आहेत. डॅनियलची सही सगळ्यात मोठी, मार्थाआजीचा अंगठा. अध्यक्षांची नाही. माझं सेक्रेटरीपद काढून घ्यायचं असेल तर घ्यावं. त्या रकान्यात मग खुशाल लिहावं, पद रिक्त. नोंद मात्र खोडली जाणार नाही, ती शाईने केली आहे.

बाईंना माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशीचा रविवार मात्र सांगायचा राहिला. बाक पुसायला कोणी नव्हतं, म्हणून मी लवकर गेलो. बादली त्यांच्या खोलीतून आणली होती. उपासना संपल्यावर समोरच्या दाराने बाहेर पडलो आणि हातपंपाजवळ जाऊन उभा राहिलो. हजेरी मार्थाआजी घेत होती. नावं तिला क्रमाने आठवत नव्हती, मधूनच कोणीतरी सुचवत होतं. माझं नाव आलं. माझ्या वतीने बोलायची इतक्या वर्षांची सवय, आजीने स्वतःच उत्तर द्यायला तोंड उघडलंसुद्धा.

तिच्या आधी मी म्हणालो, "आहे."