बेडकाच्या हृदयाचं पाणी

कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मी जन्मात एकच वस्तू चोरून आणली, ती म्हणजे मिठाचं पाणी. ऐकणाऱ्याला हसू येईल. मला अजून येत नाही.

मी तळकोकणातली. पाचवीत शाळा सुटली आणि बडनेऱ्याला रेल्वेत असलेल्या मामांकडे आले. वर्षभरात मामांची बदली झाली. नव्या गावची खोली फार लहान आहे, असं मामी दोनदा म्हणाल्या. काय ते मी समजले. तेव्हा अमरावतीतल्या त्यांच्या ओळखीच्या काकूंनी मला ठेवून घेतलं. काकूंचे यजमान कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. त्यांनी मला प्रयोगशाळेत काचेची भांडी धुण्याचं काम मिळवून दिलं. राहणं-जेवण काकूंकडे. हे उपकार कसे फेडू, या धास्तीत मी नको तितकी कामं करायचे.

काकू हिवरखेडकडच्या, शेतकऱ्याघरच्या. बोलणं असं की पहिल्या आठवड्यात मी रोज रडले.

"काहून रडून राहिली वं? मी का तुले शिव्या देऊन राहिली? मी तं नुसती बोलून राहिली!"

आणि जेवताना: "तुह्या कोकणात मीठ फुकट भेटते, म्हणून भाजीत मूठभर टाकतं का?"

एका दुपारी न्हाणीघरात मी त्यांची पाठ चोळत होते. त्यांनी माझा हात धरून डाव्या स्तनाच्या कडेला टेकवला. "पाय बरं, हरभऱ्यासारखं काई लागते का?"

हरभरा नव्हता. अख्खी सुपारी होती, आणि हलत नव्हती.

"कधीपासून?"

"संक्रांत झाली तवापासून. तव्यावर मीठ तापवून फडक्यात बांधून शेकून राहिली. जाईन." त्यांच्या कातडीवर भाजल्याचे डाग होते. डॉक्टरला दाखवू, म्हटलं. "पुरुषापुढं पदर सोडू? आन् चाकू लागला का गाठ अंगभर पसरते, ठाऊक हाये मले. कोणाले बोलली तं तुले माही आन हाये."

ती शपथ घेऊन मी गप्प बसले. जिनं घर दिलं तिचा शब्द मोडायचा कसा?

त्याच दिवसांत सरांनी, म्हणजे काकूंच्या यजमानांनी, मुलांना बेडकाचा प्रयोग दाखवला. छोट्या काचेच्या बशीत बेडकाचं हृदय, शरीरातून काढलेलं, आणि तरी धडधडणारं. माझ्या हातातला ब्रश थांबला. मुलं गेल्यावर मी भीत भीत विचारलं, तर सर रागावले नाहीत. म्हणाले, "साध्या पाण्यात ठेवलं की थांबतं. हे पाणी मापून केलेलं आहे. साधं मीठ, पोटॅशचं मीठ, थोडं चुन्याचं. आपला सगळा देह बारीक पेशींचा. प्रत्येक पेशीला भिंत, आणि त्या भिंतीत मिठाला ये-जा करायला वाटा. दारंच म्हण. पाहिली कुणी नाहीत अजून, पण असावीत."

मला दुसरं काही सुचेना. तव्यावरच्या मिठानं काकू भाजत होत्या, आणि इथं मेलेल्या बेडकाचं काळीज जगवणारं मीठ होतं. संध्याकाळी एक बाटली पदराखाली घरी आली.

रोज दुपारी मी ते पाणी कोमट करायचे, त्यात फडकं बुडवून त्यांच्या गाठीवर ठेवायचे. काकू गमतीत म्हणत, "आण वं तुह्या बेडकाचं पाणी. उद्या मी डराव डराव कराले लागली तं सरायले काय सांगशीन?" भाजणं थांबल्यामुळे त्यांना बरं वाटायचं. त्या बरं वाटण्यावर आम्ही दोन महिने काढले. बाटली संपली की मी दुसरी न्यायचे. सुपारीचं लिंबू झालं. मग काखेत आणखी एक बारीक गाठ हाताला लागली.

दुसऱ्या दिवशी बशी धुताना माझ्या मनात आलं: हे पाणी हृदयाला जगवतं, मग गाठीलाही जगवत असेल! मी खायला घालतेय तिला. बशी हातातून निसटून फुटली. सर आत आले, तर मी मागचापुढचा विचार न करता बोलून गेले, "सर, हे पाणी गाठीलाही जिवंत ठेवतं का?"

"कसली गाठ?"

"कुणाचीच नाही."

सरांनी फडताळाकडे पाहिलं. "घरी बाटली दिसली मला. वाटलं, गुळण्या करायला नेली असशील." मग माझ्याकडे वळून, "कुणाची गाठ?"

"मला आन घातलीय, सर."

ते खुर्चीवर बसले. "अगं, या गावात तुला आन घालणारं दुसरं आहे कोण?"

चार दिवसांत आम्ही अकोल्याला निघालो. काकूंच्या माहेरच्यांनी तिथली डॉक्टरीणबाई शोधली होती. बडनेऱ्याला गाडी बदलली, अकोला आलं, काकू माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. खिडकीबाहेर काळं रान सरत होतं आणि मी त्यांच्या डब्याच्या फडक्याची गाठ सोडत, पुन्हा बांधत बसले होते.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. मग चष्म्यावरून विचारलं, "इतके दिवस काय लावत होतात?"

 सर बाहेर बाकावर होते, त्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं काकू म्हणाल्या, "काई नाई लावलं. मीच आळस केला."

शस्त्रक्रियेच्या सकाळी त्यांनी मला बोलावलं. "पोरी, वेणी घट्ट घाल. उद्या हात वर होते का नाई." मी वेणी घातली. त्यांनी मागं न पाहता विचारलं, "रडून राहिली?" मी नाही म्हटलं. "मग पाठीवर काय टपकून राहिलं, बेडकाचं पाणी?"

काकू पुढे चार वर्षं होत्या. मग दुखणं हाडांत गेलं.

परवा भाचीची मुलगी आली होती, ती पेशींचाच अभ्यास करते. म्हणाली, पेशीच्या भिंतीतली ती मिठाची दारं आता सापडलीत, आणि गाठीतल्या काही पेशींची दारं भलतीच वागतात. नको तेव्हा मीठ आत घेतात, त्यानं त्या पेशींना घर सोडून दुसरीकडे जायला बळ मिळतं. मी बाटलीचं सांगितलं. ती म्हणाली, "आजी, वरून लावलेलं पाणी आत पोचतच नाही. तुझ्या पाण्यानं काही झालं नाही."

"आणि त्या पाण्यापायी गेलेले ते दोन महिने?"

ती पोर खरं बोलणारी आहे. माझा हात हातात घेऊन बसली, आणि काहीच बोलली नाही.